'इफ' आलं की 'वेअर'च? तसं नाही

'इफनंतर वॉज कधीच येत नाही, नेहमी वेअरच लावा' हा इंग्रजी व्याकरणाचा नियम बरीच वर्षं फिरतोय. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटकन पटतो.

'वेअर' लागतं ते वस्तुस्थितीच्या उलट कल्पनेला. 'इफ शी वेअर ॲट होम, शी वुड आन्सर द फोन' म्हणजे ती घरी नाही, हे बोलणाऱ्याला माहीत आहे. पण 'इफ शी वॉज ॲट होम येस्टरडे, शी मस्ट हॅव हर्ड द बेल' यात ती काल घरी असूही शकते. इथे 'वॉज'च बरोबर.

पडताळायचं कसं? वाक्य मराठीत म्हणून बघा. हा भेद आपण रोज न चुकता करतो. 'असती तर' आलं, तर 'वेअर'. 'काल घरी असेल तर' आलं, तर 'वॉज'. मात्र 'काल घरी असती तर' असेल, तर दोन्ही सोडून 'हॅड बीन'.

आणखी एक जागा फसवी आहे: 'ही आस्क्ड इफ आय वॉज रेडी'. इथला 'इफ' म्हणजे 'तयार आहेस का?' यातला 'का', अट नव्हेच. तिथे 'वेअर' घातलं तर वाक्य बिघडतं.

बोलताना 'इफ आय वॉज रिच' असं इंग्रजीभाषक सर्रास म्हणतात, त्याला चूक ठरवायचं कारण नाही. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात मात्र अशा कल्पनेला 'वेअर'च लिहावं. 'इफ आय वेअर यू' तर इतकं रुळलंय की ते बोलतानाही तसंच ठेवावं.