स्व व सहाध्यायी मूल्यमापन, ऑनलाइन

छात्राध्यापकाने, म्हणजे शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्याने, स्वतःच्या सराव पाठाचे आणि त्याच पाठाचे सोबत्यांनी, ठरलेल्या निकषांवर, संगणक वा मोबाइलवरून केलेले मूल्यमापन.

या रीतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो ग्लासगो विद्यापीठातील तर्कशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज जार्डिन यांच्यापर्यंत नेतात. त्यांच्या वर्गात विद्यार्थी एकमेकांचे निबंध तपासत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमात चालविलेली मॉनिटर पद्धतही पूर्वज म्हणून सांगितली जाते. परंतु तेथे पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवीत. ते नाते बरोबरीचे नव्हते. अध्यापक-शिक्षणापुरते पाहिल्यास, 1963 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात आकारास आलेले सूक्ष्म अध्यापन (एकेका कौशल्याचा छोट्या पाठातून सराव) हा अधिक जवळचा धागा ठरतो. त्याच्या भारतीय प्रतिमानात पाठ 6, प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय) 6, पुनर्नियोजन 12, पुनराध्यापन 6 व पुनर्प्रत्याभरण 6, असे 36 मिनिटांचे चक्र असते आणि सोबतीच विद्यार्थी व निरीक्षक होतात. ऑनलाइन साधनांनी पाठ पुन्हा पाहण्याची सोय दिली. मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीतील ‘वर्कशॉप’मध्ये स्वतःचे व सोबत्यांचे असे दोन्ही गुणदान करता येते.

सोबत्यांचे गुण कितपत भरवशाचे? फाल्चिकोव्ह व गोल्डफिंच या संशोधकांनी 2000 मध्ये 48 अभ्यासांचा एकत्र विचार केला. सोबत्यांच्या व शिक्षकांच्या गुणांत सरासरी 0.69 इतका सहसंबंध आढळला (1 म्हणजे पूर्ण मेळ). प्रत्यक्ष व्यावसायिक कामाच्या मूल्यमापनात मात्र हा मेळ कमी बसतो, आणि सराव पाठ त्याच वर्गात मोडतो.

अशा मूल्यमापनातून छात्राध्यापकाचा आत्मविश्वास कसा वाढेल याबाबत मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांची आत्मक्षमतेची, म्हणजे ‘हे मला जमेल’ या विश्वासाची, मांडणी (1977) आधाराला घेतली जाते. तीनुसार स्वतः यशस्वीपणे काम करून दाखविणे हा सर्वांत बळकट स्रोत. शाब्दिक प्रोत्साहन त्याखाली येते. म्हणून ‘पाठ छान झाला’ या शेऱ्यापेक्षा ‘प्रश्न विचारून लगेच उत्तर स्वतःच सांगितलेस, थोडं थांब’ हा शेरा अधिक मोलाचा, कारण तो पुढच्या पाठात करून पाहता येतो.

नागपुरात बी.एड.चे छात्राध्यापक घरी पाठ ध्वनिचित्रित करतात तेव्हा उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत वाक्यांचे शेवट बुडतात. ‘आवाज’ या निकषावर गेलेला गुण शिकवणाऱ्याचा दोष नसतो. भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘मुलांनो, काय करून राहिले?’ हे वर्गात सहज येणारे वाक्य नागपूरकर सोबत्याला खटकत नाही, बाहेरून आलेला सोबती मात्र ‘भाषाशुद्धी’च्या रकान्यात गुण कापतो. निकष आधी एकत्र बसून ठरविले आणि त्यांत प्रमाणभाषा कोठे हवी व बोली कोठे चालेल हे लिहिले, तर हा अन्याय टळतो.