आतड्याचा कर्करोग देतो ती सवड
मोठ्या आतड्याच्या अस्तरावर कधी कधी मांसाचा एक छोटा कोंब उगवतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप कधीच त्रास देत नाहीत. काहींच्या पेशींत मात्र जनुकीय बिघाड साचत जातात. सुरुवात बहुधा एपीसी या जनुकापासून होते. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं हे जनुक निकामी झालं, की पुढचे बिघाड एकेक करून त्यात भर घालतात. अशा कोंबाचा कर्करोग व्हायला साधारण १० वर्षं तरी लागतात.

इतकी सवड फार थोडे कर्करोग देतात. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, मुख्यतः झालेला कर्करोग लवकर सापडतो. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत, पॉलिप दिसला, तर डॉक्टर त्याच दुर्बिणीतून तारेचा फास टाकून तो बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढून टाकतात आणि होऊ घातलेला कर्करोग होतच नाही. या तपासणीचं मोल मला सगळ्यात जास्त इथे वाटतं.

पण पॉलिप दुखत नाही, आणि त्यातून झिरपणारं रक्त बहुधा डोळ्यांना दिसत नाही. दिसलंच, तर 'मूळव्याध असेल' म्हणून माणूस गप्प बसतो. शौचाबद्दल बोलायची लाज किती जिवांवर बेतली असेल! अमेरिकेतल्या नोंदी पाहा: रोग आतड्यापुरताच असताना निदान झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक ५ वर्षांनंतरही हयात असतात. तो दूरच्या अवयवांत पोचल्यावर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उरतं.

थेट कोलोनोस्कोपी नको वाटत असेल, तर 'फिट' चाचणी आहे. शौचाचा चिमूटभर नमुना घरीच घ्यायचा. त्यातलं मानवी हिमोग्लोबिन प्रतिपिंडांच्या मदतीने ओळखलं जातं, त्यामुळे पथ्य लागत नाही. मात्र पॉलिपमधून रोज रक्त येत नाही, म्हणून ती दरवर्षी करावी लागते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोगच, असं नाही. पण मग कोलोनोस्कोपी टाळायची नाही. भीतीपोटी इथेच थांबलं, तर आधीची चाचणी वाया जाते.

अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५ वर आणलं. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर त्याहीआधी: ४० व्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं अलीकडे, जे आधी येईल तेव्हा. वडिलांना ४६ व्या वर्षी झाला असेल, तर मुलांनी ३६ व्या वर्षी. म्हणून कोणत्या वयात निदान झालं, हे घरातल्या मोठ्यांना आजच विचारून घ्या.