घराण्याचे दुखणे आणि घरातले दुखणे

विदर्भातल्या खेड्यात कंबर, खुबा किंवा गुडघा धरला की त्याला सरसकट 'वात' म्हटले जाते, आणि एकाच घरात दोघातिघांचे सांधे दुखत असले की 'त्यांच्या घराण्यातच आहे' असे म्हणून लोक मोकळे होतात. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या भागांत हा निष्कर्ष फार महाग पडतो, कारण हाडे आणि सांधे निकामी करणारे दोन सर्वस्वी वेगळे आजार तेथे शेजारी शेजारी नांदतात. सिकलसेल आईवडिलांकडून जनुकांतून येतो, तर फ्लोरोसिस पिण्याच्या पाण्यातून. खरी अडचण अशी की, वरवर पाहणाऱ्याला हे दोन्ही उलटे दिसतात: आनुवंशिक आजार आनुवंशिक वाटत नाही, आणि पाण्याचा आजार मात्र पिढीजात वाटतो.

सिकलसेलचे मूळ अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातल्या एवढ्याशा बदलात आहे. त्या बदलामुळे हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी वाकून विळ्यासारख्या होतात. अशा ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या खोबणीत बसणारा मांडीच्या हाडाचा जो गोल भाग असतो, त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या असतात. त्या तुंबल्या की हाडाचा तेवढा भाग मरतो, पुढे खचतो, आणि ऐन विशी-पंचविशीतला मुलगा लंगडत चालू लागतो. तान्ह्या बाळांत हीच प्रक्रिया हातापायांच्या पंजांवर सूज आणते आणि घरचे ती सूज मुका मार समजून शेकत बसतात.

अशा मुलाचे आईवडील बहुधा धडधाकट असतात. दोघेही वाहक, म्हणजे आरोग्यसेवकांच्या भाषेत 'एएस' असतात, आणि वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे मोकळे सुटण्याची २५ टक्के असते. ही मोजणी दर गर्भारपणी नव्याने सुरू होते. पहिले मूल आजारी ('एसएस') निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब येथे चालत नाही. आजोबा ठीक, बाप ठीक, आणि मुलाचाच खुबा गेला, हे पाहून घरातल्यांना तो आनुवंशिक आजार वाटावा तरी कसा? मग पडल्याचे, नजरेचे, करणीचे कारण शोधले जाते आणि पाठच्या भावंडाची तपासणी राहून जाते.

फ्लोरोसिसचे अगदी याच्या उलट आहे. काही भागांतल्या खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजे असतात, आणि खोल बोअरचे पाणी त्या खडकांत दीर्घकाळ मुरलेले असल्याने ते फ्लोराइड विरघळवून वर आणते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. त्याहून बरेच अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की ते हाडांत साठते, हाडे दाट होतात, अस्थिबंध चुन्यासारखे कडक होत जातात आणि पाठीचा कणा वाकेनासा होतो. बाप, आई, मुलगा सगळे त्याच हातपंपाचे पाणी पितात, म्हणून सगळेच आखडतात. हे पाहून गाव म्हणते, घराण्यातच आहे.

येथे सुनेकडे पाहावे. सून दुसऱ्या गावाहून आलेली, रक्ताचे नाते नसलेली. तिने वीस वर्षे याच हातपंपाचे पाणी भरले आणि प्यायले. तिचीही पाठ सासूसारखीच ताठली असेल, तर संशय आधी पाण्यावर घ्यायला हवा. मात्र तिचे दात स्वच्छ दिसले म्हणून फसू नये. दातांवरचे तपकिरी पट्टे पक्के दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतच पडतात. चांगल्या पाण्याच्या गावात लहानपण गेलेल्या बाईचे दात पांढरे राहतात आणि कंबर तेवढी धरते, तर याच गावात जन्मलेल्या तिच्या मुलांच्या दातांवर पट्टे उमटतात.

फ्लोरोसिसच्या पाहणीत एक साधी कसोटी वापरतात. जमिनीवर नाणे ठेवून ते गुडघे न वाकवता उचलायला सांगतात. मग हनुवटी छातीला टेकवायला आणि दोन्ही हात डोक्यामागे न्यायला सांगतात. फ्लोरोसिस अंगात मुरलेला माणूस नाण्यासमोर गुडघे दुमडून खाली बसतो, कारण कणा त्याला वाकू देत नाही. एवढ्यावर निदान होत नाही, कारण ताठ कण्याची इतरही कारणे असतात. पण पाण्याचा नमुना तपासायला कधी पाठवायचा आणि रक्ताचा कधी, हे ठरवायला याचा उपयोग होतो.

आता एवढे सांगितल्यावर, एक आजार निव्वळ जनुकांचा आणि दुसरा निव्वळ पाण्याचा, असा समज करून घेणेही चुकीचे ठरेल. सिकलसेलचे जनुक जन्मापासून तेच असते, पण वेदनेचा झटका केव्हा येईल हे बरेचसे परिस्थितीवर ठरते. मे महिन्याच्या उन्हात तहानलेल्या अंगाने केलेले काम, भंडारा-गोंदियाकडे रोवण्याच्या दिवसांत पावसात भिजून लागलेली थंडी, एखादा ताप, या सगळ्यांनी झटका ओढवू शकतो. फ्लोरोसिसमध्येही जेवणात कॅल्शियम कमी पडणाऱ्या मुलांचे पाय गुडघ्यात वाकडे होण्याचा धोका अधिक असतो.

उपाय मात्र वेगवेगळ्या ठिकाणी करावे लागतात, आणि हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. त्यासाठी स्रोतच बदलावा लागतो, नाहीतर नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेल्या, तुरटी आणि चुना वापरणाऱ्या नालगोंडा पद्धतीसारखी प्रक्रिया करावी लागते. सिकलसेलसाठी मात्र रक्त तपासावे लागते, आणि तेही लग्नाआधी झाले तर उत्तम. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले होते.

काही घरांत हे दोन्ही आजार एकाच छपराखाली असू शकतात, आणि त्यांची मला विशेष काळजी वाटते. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात आणि ते योग्यच आहे, कारण त्याच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करून पाणी वाचवणे नीट जमत नाही आणि अंगातले पाणी कमी झाले की पेशी अडकतात. पण त्याच्या दारातल्या हातपंपाला फ्लोराइड जास्त असेल, तर तोच सल्ला पाळताना इतरांपेक्षा अधिक फ्लोराइड त्याच्याच हाडांत जाते. म्हणून अशा गावात 'पाणी जास्त प्या' असे सांगण्याआधी, ते पाणी कोठून भरता, एवढे आशाताईंनी आणि डॉक्टरांनी विचारायलाच हवे.