सिंगापूर ‘मासेमारीचं खेडं’ कधी होतं?

‘१९६५ साली सिंगापूर म्हणजे दलदल आणि कोळ्यांच्या चार झोपड्या. एका नेत्याने तीस वर्षांत सोनं केलं.’ व्हॉट्सअ‍ॅपवर हे वाचलं नाही असा माणूस विरळाच. गोष्ट छान आहे, पण खरी नाही.

मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या दक्षिण तोंडाशी हे बेट आहे. भारत-चीन जलमार्गावरचा हा नाकाच ईस्ट इंडिया कंपनीच्या रॅफल्सने १८१९ मध्ये हेरला आणि तिथे जकातमुक्त बंदर उघडलं. १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला, आगबोटींची वर्दळ वाढली. मलायातलं कथील आणि रबर इथूनच जगभर जाऊ लागलं. १९६५ मध्ये मलेशियातून बाहेर पडताना सिंगापूर हे मोठं बंदर होतं, दरडोई उत्पन्नात आशियातल्या बहुतेक देशांच्या पुढे.

मग तो नेता, म्हणजे सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू, यांचं श्रेय शून्य? तसंही नाही. झोपडपट्ट्या होत्या, बेकारी होती, पिण्याचं पाणीसुद्धा मलेशियातून यायचं. त्यात १९७१ मध्ये ब्रिटिशांनी लष्करी तळ गुंडाळले. सरकारने १९६६ च्या कायद्याने जमिनी ताब्यात घेतल्या, सरकारी घरं बांधली, बेटाच्या पश्चिमेला जुरोंग भागात कारखाने आणले आणि १९७२ मध्ये कंटेनर बंदर सुरू केलं. जागेचा फायदा त्यांनी वाया जाऊ दिला नाही, एवढं नक्की. पण जागा मुळात होती! आपल्याकडे ‘या गावाचं सिंगापूर करू’ म्हणणारे नेमकी तीच विसरतात.