तितराचा रस्सा: खानदेशातल्या एका कालवणामागचा इतिहास

धुळ्या-जळगावकडच्या एखाद्या ढाब्याच्या फळ्यावर आज ‘बटेर’ लिहिलेलं दिसलं, तर ताटात येतो तो फार्मवर वाढवलेला जपानी लावा. रानातला तितर किंवा लावा, सातपुड्यातला रानकोंबडा, वडा-पिंपळावरचा हरियल (हिरवं कबुतर) यांना मारणं, विकणं किंवा त्यांचं मांस जवळ बाळगणं आज गुन्हा आहे. तरीही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तितराचा रस्सा अजून शिजतो आणि कोंबडीला नावं ठेवायची झाली की त्याचीच आठवण निघते. हा रस्सा आला कुठून आणि थांबला कसा, हे समजून घ्यायचं तर चुलीपासून कायद्यापर्यंत जावं लागतं.

या पाखरांची ओळख फार जुनी. चरकसंहितेत मांसाचे आठ वर्ग सांगितले आहेत. त्यात पायाने माती उकरून दाणे टिपणारे पक्षी ‘विष्किर’ आणि चोचीने टोचून खाणारे ‘प्रतुद’. लावा आणि तितर पहिल्यात, कबुतरं-पारवे दुसऱ्यात. कोणत्या गटात काय उत्तम, याची तिथे एक यादीच आहे आणि पक्ष्यांत मान लाव्याला दिला आहे. पचायला हलकं म्हणून आजारातून उठणाऱ्याला लाव्या-तितराचा रस द्यावा, असा वैद्यांचा सल्ला असे. अंगात ताकद यावी म्हणून गावठी कोंबडीचं पाणी पाजण्याची रीत आजही घरोघर आहे. तिचं मूळ याच विचारात असावं असं मला वाटतं.

खानदेशची जमीन या पाखरांना मानवणारी होती. तापी, पांझरा, गिरणा यांच्या काठची काळी माती, मध्ये गवताळ माळ, बाभळी-बोरीची झुडपं, ज्वारी-बाजरीची शेतं आणि उत्तरेला सातपुडा. झुडपांत तितर, शेताच्या बांधाला लावा, उघड्या माळावर भट तितर, डोंगरात राखी रानकोंबडा. भिल्लांकडे पाखरांसाठी बोथट टोकाचे वेगळे बाण असत. गुराख्याच्या पोराकडे गलोल, जागल्याकडे गोफण. फासेपारध्यांचं कसब मात्र वेगळ्याच दर्जाचं. ते पिंजऱ्यात पाळलेला तितर झुडपाजवळ ठेवत. तो ओरडला की हद्दीचा मालक असलेला रानतितर भांडायला धावून येई आणि भोवती मांडलेल्या फाशांत पाय अडकवून घेई. पाखरू जिवंत हाती लागल्यामुळे बाजारात ताजं विकता येई, ही त्यातली खरी हुशारी.

घरी आलेल्या पाखराचं पुढे काय होई, ते सगळं दोन गोष्टींवर ठरे: आकार आणि ऊन. तितर भरतो पाव किलो ते तीनशे ग्रॅम, रानातला लावा तर शंभर ग्रॅमही भरत नाही. त्यामुळे तुकडे करण्याचा प्रश्नच फारसा येत नसे. विलायतेत शिकारीची पाखरं थंड खोलीत चार-सहा दिवस टांगून मऊ करत. वैशाखात पारा पंचेचाळिसाकडे सरकतो त्या मुलखात हा प्रयोग कोण करणार? इथे पाखरू अंग गरम असतानाच साफ होई. गरम अंगाची पिसं कोरडीच उपटता येतात. एकदा ते गार झालं की पिसं धरून बसतात आणि पातळ कातडी फाटते. कोंबडीसारखं उकळत्या पाण्यात बुडवलं तर इतक्या लहान पाखराची कातडीच शिजून सुटते. म्हणून लाव्याला पिसांसकट सोलून काढणं सोपं पडे. कातडी ठेवायची असेल तर उरलेली लव जाळावर फिरवून होरपळायची.

मग गळ्याजवळची दाण्यांची पिशवी आधी काढायची, कारण उन्हात ती सगळ्यात लवकर आंबते. कलेजीवरची पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर मांस कडू होतं. पेटा, म्हणजे दाणे भरडणारं जठर, चिरून आतले खडे धुऊन काढायचे आणि तो रश्श्यात टाकायचा. बंदुकीने मारलेलं पाखरू असेल तर बोटांनी चाचपून छर्रे काढावे लागत. हे छर्रे शिशाचे. दाताखाली आलेला छर्रा लोक हसून ताटाबाहेर ठेवत. शिसं पोटात जाणं विषारी असतं, याचा विचार तेव्हा कोणी करत नव्हतं.

शिजवणं बऱ्याच घरांत माजघरापासून लांब चाले. माळकरी घर असेल, सासू मांसाला शिवत नसेल, तर भांडी वेगळी आणि चूल परसात. नाहीतर थेट मळ्यात तीन दगडांवर. तिथे पातेलं पुरुषांच्या हाती असे. भाजलेलं खोबरं, निखाऱ्यात काळा केलेला कांदा, लसूण, तीळ आणि दगडफुलासह सगळे खडे मसाले. खानदेशी काळ्या मसाल्याचा हा घाट या पाखरांना फार शोभून दिसे, आणि त्याला कारण आहे. रानपाखराच्या अंगात चरबी जवळजवळ नसते. सतत पळणाऱ्या तितराच्या तंगड्या चिवट आणि छाती कोरडी. नुसतं तळलं तर ते लाकूड होतं. तेल, खोबरं आणि तीळ यांनी चरबीची उणीव भरायची आणि झाकण ठेवून मंद आचेवर रश्श्यात मुरवायचं, हीच त्याची वाट. शिवाय तीनशे ग्रॅमच्या पाखरात आठ माणसं जेवायची तर रस्सा पातळ आणि झणझणीत ठेवूनच भागणार. बाजरीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर त्यात कुस्करली की झालं. या रश्श्याची जी तारीफ ऐकू येते तिच्यात अर्धा वाटा मसाल्याचा आणि भुकेचा असणार, असं माझं मत आहे. ते ऐकून जुनी माणसं रागावतात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत एवढा सरंजाम नसे. मीठ-मिरची चोळून पाखरू सरळ निखाऱ्यावर. ही मिरचीसुद्धा पोर्तुगीजांच्या मागून आलेली. त्याआधी तिखटपणा मिऱ्या-पिंपळीचा होता.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि त्याच पाखरावर दुसरी नजर पडली. साहेबाला शिकार म्हणजे खेळ होता. दक्षिणेला अहमदनगर जिल्ह्यात एकट्या रॉबर्ट मॅन्सफिल्डने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. भारतातल्या शिकारी पक्ष्यांवर 1879 ते 1881 या काळात तीन खंडांचा ग्रंथ काढणाऱ्या दोघांपैकी एक होते ॲलन ह्यूम, म्हणजे 1885 मध्ये काँग्रेस उभी करण्यात पुढाकार घेणारे तेच. खानदेशात नोकरी केलेले जेम्स डेव्हिडसन हे पक्ष्यांचे नमुने गोळा करणारे अधिकारी. 1880 च्या दशकात त्यांनी तळोदा-शहादा भागात रानपिंगळा या लहान घुबडाचे नमुने मिळवले. पुढे हा पक्षी संपला असंच मानलं गेलं, तो 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला.

1878 च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लागला. त्यातून युरोपीय लोकांना सूट होती. त्याच वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलातली शिकार सरकारच्या हाती गेली. 1887 चा आणि नंतर 1912 चा पक्षीसंरक्षण कायदा आला. विणीच्या काळात पाखरं मारू-विकू नयेत असा बंदीचा हंगाम जाहीर करण्याची सोय त्यात होती. हेतू चांगलाच. पण 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये वाढवला गेला आणि तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. पारध्यांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. एकाच झुडपातला तितर परवानेवाल्याच्या थैलीत गेला तर शिकार आणि पारध्याच्या फाशात सापडला तर संशय. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. शिक्का कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून नाही.

पाखरं कमी झाली त्याचा सगळा दोष फासे आणि छऱ्यांवर टाकणं सोयीचं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने 1861 ते 1865 दरम्यान कापसाचे भाव चढले, रेल्वे भुसावळला पोचली आणि माळ नांगराखाली जाऊ लागले. नंतर विहिरी, केळी, आणि कापसावरची कीटकनाशकं. तितराच्या आणि लाव्याच्या पिलांना पहिले काही आठवडे दाणे नव्हे, किडे लागतात. फवारलेल्या शेतात ते कुठून मिळणार?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1951 मध्ये स्वतःचा वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायदा केला. 1972 चा केंद्राचा कायदा कडक असला तरी त्यात ‘स्मॉल गेम’चा, म्हणजे लहान शिकारीचा, परवाना शिल्लक होता. सत्तरच्या दशकात हौशी मंडळी रविवारी बंदूक घेऊन निघत ती याच आधाराने. 1991 च्या दुरुस्तीने परवाने बंद झाले. 2022 च्या दुरुस्तीने कोणत्या प्राण्याला किती संरक्षण हे सांगणाऱ्या अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि दंडाच्या रकमा वाढल्या. एकेकाळी चवीसाठी नावाजलेला हरियल आता महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे.

रिकामी झालेली जागा जपानी बटेराने घेतली. हा पक्षी 1974 मध्ये अमेरिकेतून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला आणला गेला आणि तिथून कुक्कुटपालनात पसरला. 2011 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नव्या बटेर फार्मना परवानगी देऊ नये असं राज्यांना कळवलं होतं. ती अट पुढे सैल झाली. पाच-सहा आठवड्यांत तो विकायला तयार होतो, वजन दीड-दोनशे ग्रॅम. विकत घेताना तो फार्मचाच असल्याची खात्री आणि पावती मागावी. जुन्या तितराच्या हिशेबाने तो शिजवू नये, एवढं ढाबेवाले शिकले आहेत. त्याच्या अंगात थोडी चरबी असते आणि तंगड्या कोवळ्या, त्यामुळे तासभर मुरवला तर हाडांपासून मांस सुटून रश्श्यात विरघळतं. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. चिवटपणा हवाच असेल, तर तितराच्या मसाल्याला आता म्हातारा गावरान कोंबडा गाठावा लागतो.