सोलापुरातील तरुणांचा नागरी सहभाग

अठरा ते साधारण तीस या वयोगटातील नागरिकांचे मतदान, स्थानिक प्रश्नांचा त्यांनी केलेला पाठपुरावा, मंडळांतील त्यांचे काम, बातम्या मिळवण्याच्या व पारखण्याच्या त्यांच्या सवयी आणि या सर्वांना आकार देणारे शिक्षण यांचा विचार प्रस्तुत नोंदीत सोलापूर शहर व जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा ज्या शहराच्या बाजारपेठेत रोज ऐकू येतात आणि कापड गिरण्या, यंत्रमाग व विडी उद्योग यांवर ज्याची वस्ती वाढली, तेथे ‘तरुण वर्ग’ एकजिनसी मानता येत नाही. पूर्व भागातील विणकर कुटुंबातील मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठीतून शिकते आणि मोबाइलवर दोन्ही भाषांतील मजकूर पाहते.

या सहभागाची परंपरा जुनी आहे. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर शहरात उठाव झाला व ब्रिटिश सरकारने लष्करी कायदा लागू केला. त्यानंतर चाललेल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. यांपैकी शिंदे आणि हुसेन ऐन तारुण्यात होते, आणि हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत. वृत्तपत्र आणि सार्वजनिक कार्य त्या काळी एकाच माणसाच्या हातात असे, ही बाब आजच्या स्थितीशी ताडून पाहण्याजोगी आहे.

आज गंभीर वाचनाचे मुख्य ठिकाण अभ्यासिका हे आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, तलाठी भरती आणि पोलीस भरती यांची तयारी करणारे तरुण सकाळी लवकर जागा धरतात आणि वृत्तपत्रांतील अग्रलेख, अर्थसंकल्प, नेमणुका यांची टिपणे ‘चालू घडामोडी’च्या वहीत उतरवून घेतात. राज्यघटनेतील कलमे, नगरपालिका-महापालिकांविषयीची ७४ वी घटनादुरुस्ती, महापालिकेची रचना हे सारे त्यांना तोंडपाठ असते. मात्र हे ज्ञान प्रश्नपत्रिकेसाठी मिळवलेले असल्याने आपल्या गल्लीतील तुंबलेल्या गटाराची तक्रार कोणत्या झोन कार्यालयात नोंदवायची, याच्याशी त्याचा संबंध क्वचितच जुळतो. ज्ञान आणि व्यवहार यांतील हा तुटकपणा सोलापूरच्या तरुणांच्या नागरी जीवनातील सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल. तिचा दोष तरुणांच्या उदासीनतेवर टाकणे अन्यायाचे आहे, कारण परीक्षा त्यांना तसे काही करून पाहायला सांगतच नाही.

व्यवहाराचे शिक्षण मिळते ते मंडळांत. गणेशोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंती, बसवेश्वर जयंती आणि मार्कंडेय रथोत्सव यांच्या निमित्ताने वर्गणी गोळा करणे, हिशेब लिहिणे, पोलीस परवानगीचा अर्ज करणे, मिरवणुकीचा मार्ग ठरवणे आणि मध्यवर्ती मंडळाच्या बैठकीत आपली बाजू मांडणे ही कामे विशीतील मुले करतात. अनेक मंडळे रक्तदान शिबिरेही भरवतात. मुलींना या रचनेत निर्णयाच्या जागा फार कमी मिळतात. त्यांचा सहभाग महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आणि बचत गटांच्या कामात अधिक दिसतो.

बातमीचे पहिले साधन मोबाइल आहे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि घरी येणारे वृत्तपत्र प्रामुख्याने वडीलधाऱ्यांचे राहिले. शहराला उजनी धरणाचे पाणी मिळत असले तरी नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांआड सुटते. त्यामुळे ‘आज पाणी आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर देणारा वस्तीचा व्हॉट्सॲप ग्रुप ही खऱ्या अर्थाने स्थानिक बातमीची जागा ठरली आहे. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडून वेळ कळताच कोणी तरी ती ग्रुपवर टाकतो, फुटलेल्या जलवाहिनीचे छायाचित्र पाठोपाठ येते आणि तेच पुढे नगरसेवकाकडे व स्थानिक वार्ताहराकडे जाते. येथे माहिती लगेच पडताळली जाते, कारण ती खोटी ठरली तर घागरी रिकाम्या राहतात. धार्मिक किंवा राजकीय मजकूर पुढे पाठवताना मात्र ही दक्षता अनेकदा घेतली जात नाही.

मतदानाचे वय ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ वर आले, आणि २०२२ पासून मतदारयादीत नाव नोंदवण्यासाठी वर्षात चार अर्हता दिनांक (म्हणजे ज्या तारखेला अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात त्या तारखा) ठरवण्यात आले आहेत. तरीही शहरातील एका पिढीला स्थानिक मतदानाची सवयच लागली नाही. महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक नेमले गेले आणि पुढचे मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. २०१७ च्या मतदानानंतर लगेचच अठरा वर्षे पूर्ण केलेल्या तरुणाला नगरसेवक निवडण्याची पहिली संधी सव्विसाव्या वर्षी मिळाली. विद्यापीठातही स्थिती फार वेगळी नाही. एकाच जिल्ह्याचे कार्यक्षेत्र असलेले सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले (२०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने). राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, तरी त्या लांबत गेल्या.

शालेय पातळीवरील उल्लेखनीय प्रयोग माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतला आहे. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून मोबाइल हे अभ्यासाचे साधन बनवले. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार त्यांना मिळाला.

शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्याला जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्याने अनेकांचे नाव सोलापूरच्या मतदारयादीत आणि वास्तव्य पुण्यात अशी स्थिती असते. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरण्याची सोय आहे, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांकडे बऱ्याचदा भाडेकरारही नसतो, म्हणून मतदानासाठी ते गावाकडेच येतात किंवा मतदानाला मुकतात.