पानावरून घसरलेली रेघ

केमिस्ट्री प्रॅक्टिकलची जर्नलं तपासताना दरवर्षी अशी दोन-चार सापडतातच. तक्ता नीट आखलेला, ब्युरेटची (द्रव मोजून सोडायच्या नळीची) रीडिंग भरलेली, आणि मग एका ओळीत पेन अक्षर सोडून घसरत घसरत थेट समासाबाहेर गेलेलं. लिहिता लिहिता पोराला पेंग आली, एवढाच त्या रेघेचा अर्थ. पूर्वी मी तिला लाल शाईने गोल करायचो.

आमचं पहिलं प्रॅक्टिकल तेव्हा सकाळी ७.१० ला असायचं. स्टाफरूममध्ये या पेंगण्याचं एकच निदान होतं: मोबाइल. मोबाइलचा वाटा आहेच, पण मोबाइल नव्हते तेव्हाही याच बाकांवर डुलक्या घेतल्या जात. मीही घेतल्यात.

अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना हा इशारा उशिरा मिळू लागतो. म्युनिकचे संशोधक टिल रोनेनबर्ग यांनी २००४ मध्ये सुमारे २५,००० लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या. सुट्टीच्या दिवशी माणूस आपसूक कधी झोपतो आणि कधी उठतो, हे त्यांनी पाहिलं. ही वेळ पौगंडावस्थेपासून पुढे सरकत जाते, बायकांमध्ये साडेएकोणिसाव्या आणि पुरुषांमध्ये एकविसाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात उशिराची होते, आणि मग हळूहळू मागे येते. म्हणजे माणूस आयुष्यात सर्वांत पक्का रात्रकिडा असतो, नेमका त्याच वर्षांत तो आमच्या हजेरीपटावर असतो. वेळापत्रक आखणारे आम्ही मात्र बहुतेक पन्नाशीतले, गजराशिवाय पाचला जागे होणारे.

यावरून एक जुना किस्सा आठवतो. १९३८ साली शिकागो विद्यापीठाचे नॅथॅनिएल क्लाइटमन आपल्या ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. सूर्य नाही, तापमान कायम थंड. दिवस ठरवला २८ तासांचा: १९ तास जागायचं, ९ तास झोपायचं. असे सहा दिवस म्हणजे १६८ तास, आठवड्याचा हिशेब चोख. विशीतला रिचर्डसन आठवडाभरात त्या दिवसाला सरावला. त्रेचाळिशीतल्या प्राध्यापकांचं शरीर शेवटपर्यंत २४ तासांचाच हट्ट धरून बसलं. दोन माणसांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. पण वर्गात मी आणि पोरं समोरासमोर उभे असतो तेव्हा मला ती गुहा दिसते.

पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की यात भर पडते ती ‘नाइट मारण्या’ची. रात्री अकराला हॉस्टेलच्या गेटबाहेर टपरीवर कटिंग, दोनला पुन्हा कटिंग. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं, आणि ते जितकं साचेल तितकी झोप दाटते. चहा-कॉफीतलं कॅफीन ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. साचलेलं ॲडिनोसिन मात्र तिथंच असतं. शिवाय कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे अकराच्या चहातलं निम्मं पहाटे चारलाही रक्तात फिरतंय.

जागून पाठ केलेलं राहतं का? कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्ये दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला दिले. पाठांतरानंतर आठ तास झोपून उठल्यावर त्यांना निम्म्याहून थोडे जास्त आठवत. तेच आठ तास जागेपणी गेले, तर जेमतेम एखादा. झोपेत मेंदू नव्या आठवणी पक्क्या करत असतो, हे त्यानंतर अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

मला खरी भीती प्रयोगशाळेची वाटते. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड या संशोधकांनी सलग जागणाऱ्यांची कामगिरी दारू प्यायलेल्यांच्या कामगिरीशी ताडून पाहिली. १७ तास जागलेला माणूस रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्याइतकाच ढिला पडला होता. २४ तासांनंतर हाच आकडा १०० च्या घरात. आपल्याकडे ३० च्या वर गेलात तर गाडी चालवणं गुन्हा आहे. अख्खी रात्र जागलेल्याच्या हाती मी मात्र सकाळी सातला ॲसिडची बाटली देत होतो. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून रंग बदलायचा क्षण पकडताना, फिकट गुलाबी रंग हुकून सगळं गडद झालं, तर फार तर रीडिंग बाद होतं. बाटली सटकली तर काय, हा विचार आता पाठ सोडत नाही.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. चांगलं केलं, पण घड्याळ खरं उशिरा धावतं ते त्या पोरांच्या थोरल्या भावंडांचं.

विभागाच्या बैठकीत मी सात दहाची वेळ बदलायचा विषय काढला, तेव्हा पहिला विरोध विद्यार्थ्यांकडूनच आला. बारानंतर अर्धा वर्ग कामावर जातो: कुणी मेडिकलच्या काउंटरवर, कुणी डिलिव्हरीला, कुणी शिकवण्या घेतं. तेव्हा कॉलेज सातचंच राहिलं. फक्त थिअरी आधी आणि टायट्रेशन दहानंतर, एवढी अदलाबदल झाली. जर्नल जमा करायची वेळ सकाळी आठवरून संध्याकाळी पाचवर नेली. सगळ्यात खूश झाले आमचे लॅब अटेंडंट. उपकरणं मांडून ठेवायची म्हणून ते पाचच्या आधीची लोकल पकडत. आता तासभर जास्त झोपतात. बैठकीत त्यांच्या झोपेचा विषय मीही काढला नव्हता.

या टर्मच्या गठ्ठ्यात तशी एकच रेघ निघाली. पोराला बोलावून विचारलं. म्हणाला, “सर, लॅबमध्ये नाही. परतीच्या गाडीत लिहीत होतो. सीट मिळाली ना.”